अठ्ठ्याहत्तरचा वेग: शाहूपुरीतल्या एका रेडिओग्रामच्या दुरुस्तीच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५

रेडिओग्राम आज टेम्पोतून कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या माझ्या खोलीवर आला. शाहूपुरीतल्या काकूंचा, त्यांच्या मामंजींनी घेतलेला. वर झाकण, झाकणाखाली चार वेगांचा रेकॉर्ड चेंजर, डावीकडे रेडिओ, खाली जाळीच्या कापडामागे लंबगोल स्पीकर. पुढची कंपनीची पट्टी पडून गेली आहे आणि चासीवर शिक्का नाही, त्यामुळे कोणत्या कंपनीचा ते ठरवता येत नाही. व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) मात्र सगळे जागेवर आहेत: ईसीएच८१, ईबीएफ८९, ईसीएल८२, रेक्टिफायर ईझेड८० आणि स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा हिरवा डोळा ईएम८४. ही मांडणी साठीच्या दशकातली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, म्हणजे धोक्याच्या ४३ फुटांच्या पातळीपेक्षा १२ फूट जास्त. तेव्हा शाहूपुरीतल्या या घरात पाणी शिरलं. रेडिओग्राम दोघांनी उचलून पलंगावर ठेवला होता, तरी पाणी स्पीकरच्या खालच्या कडेपर्यंत आलं. चासी वाचली, पण ओल सगळीकडे फिरली. तेव्हापासून तो तसाच बंद होता.

काकूंना रेडिओचं फारसं काही नाही. त्यांना तबकड्या ऐकायच्या आहेत. लहानपणापासून गाणं शिकलेल्या बाई. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या परंपरेतल्या गायिकांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे) तबकड्या लोखंडी पेटीत माळ्यावर होत्या म्हणून पुरातून वाचल्या. खाँसाहेबांचा स्वतःचा आवाज तबकडीवर मिळत नाही. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि पुढच्या शिष्यांच्या तबकड्या हाच त्या गायकीचा कानावर येणारा पुरावा, तोही एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचा. तो पुरावा वाजवणारं यंत्र सुरात खोटं बोलता कामा नये. या कामाचा उद्देश मी एवढाच धरला आहे. बाकीचं सगळं त्यासाठी.

प्लग लावलेला नाही. घरच्यांनाही बजावून ठेवलं होतं की "चालतोय का बघू" म्हणून कोणी लावू नका.

४ नोव्हेंबर

चासी बाहेर काढली. आधी सगळ्या बाजूंनी फोटो, विशेषतः बँड स्विचच्या वायरींचे. ब्रश आणि ब्लोअरने गाळ काढला. पुराचा गाळ बारीक असतो, वाळला की पिठाळ होतो आणि गँगच्या (स्टेशन लावायच्या कंडेन्सरच्या) पानांत जाऊन बसतो. गँगची पानं कागदाच्या पट्टीने एकेक साफ केली. दाब द्यायचा नाही. पान वाकलं की स्टेशनं डायलवरच्या जागा सोडतात.

फ्यूजच्या जागी कोणीतरी तांब्याची जाड तार पिळून ठेवली आहे. मेन वायरचं रबर बोटाने चुरतंय. दोन्ही काढून टाकलं.

ट्रान्स्फॉर्मरची मला जास्त काळजी होती. कंडेन्सर बाजारात मिळतात, व्हॉल्व्ह शोधून मिळतात, पण असा ट्रान्स्फॉर्मर गुंडाळून घ्यायचा म्हणजे वेगळंच काम. उद्यमनगरातल्या मोटर रिवायंडिंगवाल्या दादांकडून ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) आणला. प्रायमरी ते बॉडी २ मेगओहम. ओल धरलेली आहे. दादा म्हणाले, "जळालेलं न्हाई, भिजलंय. मोटर सुकवतो तसं सुकवा की." पत्र्याच्या डब्यात ६० वॅटचा साधा बल्ब लावून ट्रान्स्फॉर्मर आत ठेवला आहे. डब्याला वर भोकं ठेवली आहेत. वाफ बाहेर पडायला वाट नसेल तर नुसतं उकडतं, सुकत नाही.

९ नोव्हेंबर

मेगर आता १०० मेगओहमच्या वर. दुपारी गरम असताना आणि रात्री गार झाल्यावर, दोन्ही वेळा. ट्रान्स्फॉर्मर वाचला.

आजचा दिवस कंडेन्सरांचा. जुने कागदी, मेण लावलेले कंडेन्सर एकेक सोडवून मेगरवर तपासले. एकही धड नाही. त्यातला सगळ्यात घातक म्हणजे ईसीएल८२ च्या (स्पीकर हलवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) ट्रायोड प्लेटवरून पेंटोडच्या ग्रिडवर (करंट आवरणाऱ्या जाळीवर) जाणारा कपलिंग कंडेन्सर. त्याचं काम ऑडिओ पुढे द्यायचं आणि डीसी अडवायचं. तो २ मेगओहमने गळतोय. हिशेब असा: मागे ९० व्होल्ट, पुढे ग्रिडला ६८० किलोओहमचा रेझिस्टन्स, म्हणजे ग्रिडवर २० च्या वर व्होल्ट धन चढू पाहतील, जिथे कॅथोडच्या मानाने १६ व्होल्ट ऋण हवेत. असा सेट लावला की पहिला मिनिटभर बरा वाजतो. मग प्लेट लाल होते, व्हॉल्व्ह जातो आणि जाता जाता आउटपुट ट्रान्स्फॉर्मरही घेऊन जातो. जुना सेट "लावून बघू" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हा एकच कंडेन्सर दाखवतो.

जागी ०.०२२ मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर बसवला. बाकीचे कागदीही सगळे बदलले. मायकाचे आणि आयएफच्या (रेडिओच्या आतल्या ठरावीक फ्रीक्वेन्सीच्या) डब्यांतले हात लावले नाहीत. ते चांगले आहेत आणि त्यांना छेडलं की ट्यूनिंगची घडी विस्कटते.

फिल्टरचा मोठा कंडेन्सर ५० अधिक ५० मायक्रोफॅरडचा एकाच डब्यात होता. डबा जागेवर ठेवला, तारा सोडवल्या आणि खाली ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे दोन नवे लावले. इथे एक गोष्ट ठळक लिहून ठेवतो. हम (विजेचा घुमणारा आवाज) कमी व्हावा म्हणून पुष्कळ जण पहिल्या जागी १०० किंवा २२० टाकतात. ईझेड८० ला रेक्टिफायरनंतरचा पहिला कंडेन्सर जास्तीत जास्त ५० चाच चालतो. त्याहून मोठा टाकला तर भरताना करंटचा हिसका एवढा बसतो की व्हॉल्व्हचा कॅथोड लवकर संपतो. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरची सवय इथे आणायची नाही.

१३ नोव्हेंबर

तीन पिनांची नवी वायर, अर्थ थेट चासीला, ५०० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज. व्होल्टेज सिलेक्टर २२० वर होता. आमच्याकडे रात्री लाइन २४५ पर्यंत जाते, म्हणून २४० च्या टॅपवर आणला.

सिरीज बोर्डवर, म्हणजे वीज १०० वॅटच्या बल्बमधून देऊन, सेट चालू केला. रेक्टिफायर काढलेला होता. आधी नुसते फिलामेंट. बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला. मग रेक्टिफायर बसवून पुन्हा. बल्ब हळूहळू थोडा उजळला आणि तिथेच थांबला. कुठे वास नाही, ट्रान्स्फॉर्मर कोमट. मग थेट लाइनवर.

मापं: फिलामेंट ६.३, हाय टेन्शन २२०, ईसीएल८२ ची प्लेट २०८, कॅथोड १६.४ व्होल्ट. कॅथोडचा रेझिस्टन्स ३९० ओहमचा, म्हणजे ४२ मिलिअँपिअर. त्यातले साधारण ७ स्क्रीनचे, ३५ प्लेटचे. प्लेट आणि कॅथोडमधला फरक १९२ व्होल्ट, गुणिले ३५, म्हणजे ६.७ वॅट. या व्हॉल्व्हची मर्यादा ७ वॅट. २२० च्या टॅपवर ठेवला असता तर रोज मर्यादेबाहेर चालला असता. सिलेक्टरची ती छोटी खुंटी बदलायला मिनिट लागत नाही, पण व्हॉल्व्हचं आयुष्य तिच्यावर ठरतं.

ग्रिडवर शून्य. कपलिंग कंडेन्सरचं काम चोख.

स्पीकरच्या जागी टेबलावरचा दुसरा स्पीकर लावला होता. हम अगदी हलका, कान जवळ नेल्यावरच. व्हॉल्यूम कंट्रोल मात्र फिरवताना खरखरतो. त्यात क्लीनर मारून पुष्कळ वेळा फिरवल्यावर शांत झाला.

१६ नोव्हेंबर

रेडिओची बाजू. आयएफ ४५५ किलोहर्ट्झ, डब्यावरच लिहिलेलं आहे. सिग्नल जनरेटर लावून बघितलं तर फार सरकलेलं नव्हतं, कोअर जरासे फिरवले. डायलची दोरी तुटलेली, नवी ओवली. फिरण्याचा रस्ता जुन्या पुलींच्या खाचांवरून आणि मळाच्या रेघांवरून कळला.

मीडियम वेव्हवर दिवसा आसपासच्या एलईडी दिव्यांची आणि चार्जरांची घरघरच जास्त. रात्री सगळे दिवे बंद केले तेव्हा मुंबई स्वच्छ आलं. डायलच्या काचेवर सिलोन छापलेलं आहे आणि त्या जागी काच बोटांनी घासून पुसट झाली आहे. एके काळी कोल्हापुरात घरोघरी सांगली केंद्र लागायचं, १२५१ किलोहर्ट्झवर. त्या आकड्यापाशी डायलवर कोणीतरी पेन्सिलीची बारीक खूण करून ठेवली आहे. काच पुसताना ती खूण जपली.

हिरवा डोळा मंद झाला आहे. ईएम८४ चा फॉस्फर झिजला की उपाय नसतो, व्हॉल्व्ह बदलावा लागतो. अंधारात दिसतोय, तेवढ्यावर ठेवला.

२० नोव्हेंबर

स्पीकरचा कोन खालच्या कडेला फाटला आहे आणि व्हॉइस कॉइलच्या फटीत गाळ. दोन बोटांनी कोन दाबला की घासल्याचा आवाज येतो. हे काम मी करत नाही. गणपतीत डॉल्बीच्या भिंती लागतात, त्यांचे अठरा इंची स्पीकर रिकोन करणारे एक दादा आहेत, त्यांच्याकडे नेला. नवा कोन टाकू का म्हणाले. नको म्हटलं. जुना कोन हलका आणि पातळ कागदाचा आहे. तीन-साडेतीन वॅटच्या सिंगल व्हॉल्व्हला असाच कोन लागतो. आजचा जाड कोन हलवायला एवढ्या ताकदीत दम नाही, आवाज बसका येईल.

दादांनी मधली टोपी ब्लेडने सोडवली, फटीत चिकट टेपची पट्टी घालून गाळ उचलला, फिल्मच्या तुकड्यांनी कॉइल मध्यावर धरली आणि पुन्हा चिकटवली. फाटलेल्या जागी पतंगाचा कागद, पाणी घातलेला फेविकॉल, दोन्ही बाजूंनी. एवढे दांडगे स्पीकर हाताळणाऱ्या हाताने हे नाजूक काम असं केलं की जोड शोधावा लागतो.

२४ नोव्हेंबर

आता चेंजर. या कामात मन सगळ्यात जास्त इथे आहे.

मोटर चार पोलची, ५० हर्ट्झवर १५०० च्या जरा आत फिरणारी. तिच्या शाफ्टवर पितळेची पायऱ्यांची पुली, चार पायऱ्या, चार वेग. पुली आणि थाळ्याच्या (तबकडी ज्यावर फिरते त्याच्या) आतली कड यांच्यामध्ये रबरी चाक येतं आणि फिरणं पुढे पोचवतं. रबर दगड झालंय. एका जागी सपाट खड्डा पडला आहे, कारण वाजवता वाजवता वीज गेली किंवा कोणी मेन स्विचने बंद केलं, तेव्हा चाक पुलीला दाबलेल्या स्थितीतच वर्षानुवर्षं राहिलं. त्या खड्ड्याचा दर फेरीला एक धक्का बसतो आणि तो सुईतून सरळ स्पीकरमध्ये ऐकू येतो.

काकूंच्या नातवाने विचारलं की चाक नेमक्या मापाचं मिळालं नाही तर वेग चुकेल ना? प्रश्न चांगला आहे, बहुतेकांना तसंच वाटतं. पण चुकत नाही. चाक मध्यस्थ आहे. पुलीची कड जेवढं अंतर कापते तेवढंच चाकाची कड कापते आणि तेवढंच थाळ्याची. चाक लहान असो की मोठं, वेग पुलीच्या व्यासावर आणि थाळ्याच्या आतल्या व्यासावरच ठरतो. चाक मात्र गोल हवं, आपल्या भोकाशी मध्यात हवं आणि पकड धरणारं हवं. माप जरा इकडे तिकडे झालं तरी चालेल, गोलाईत सूट नाही.

इचलकरंजीला सायझिंगच्या रोलरवर रबर चढवून देतात. तिथे चाक पाठवलं, ५० ते ५५ शोअर कडकपणाचं रबर सांगितलं. आणि हेही सांगितलं की रबर चढवल्यावर चाक त्याच्याच बुशवर बसवून फिरवत घासा, दुसऱ्या मँड्रेलवर नको.

२७ नोव्हेंबर

मोटर उघडली. तेल वाळून डिंक झालेलं. शाफ्ट बोटाने फिरवला की लगेच थांबतो. दोन्ही बुश सच्छिद्र ब्राँझचे, आपल्याच अंगात तेल धरून ठेवणारे. पेट्रोलमध्ये बुडवून ठेवले, मग कोमट मशीन तेलात रात्रभर. बाहेर काढल्यावर बुश बोटाने दाबला की पृष्ठभागावर तेलाचा घाम येतो. तो दिसला म्हणजे बुश जिवंत आहे.

उद्यमनगरात लेथवाल्या मिस्त्रींनी नवे गनमेटलचे बुश करून देऊ म्हटलं होतं. माप चोख आलं असतं, पण भरीव गनमेटल तेल धरत नाही. झीजही फार नाही. जुनेच ठेवले.

१ डिसेंबर

चाक आलं. सुरेख घासलेलं, काचेवर लोळवलं तर कुठे डगमगत नाही. मोटर बसवली, थाळा बसवला, ७८ वर टाकलं.

वेग मोजायला स्ट्रोबोस्कोपची चकती स्वतः काढून झेरॉक्सच्या दुकानात छापली. ५० हर्ट्झच्या विजेवर निऑनचा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो. ३३ च्या वेगाला १८० रेघा, ४५ ला १३३, ७८ ला ७७. रेघा जागच्या जागी स्थिर दिसल्या की वेग बरोबर. ७७ रेघांना तो नेमका ७७.९२ येतो. एलईडीच्या उजेडात हे नीट दिसत नाही, टेस्टरमधला छोटा निऑन चालतो. आणि इन्व्हर्टरवर मोजायचं नाही, त्याच्या ५० हर्ट्झवर भरवसा नको.

रेघा मागे सरकत होत्या. मोटर गरम होऊ दिली, तबकडीवर सुईचं वजन ठेवलं आणि मग मोजलं: मिनिटाला ४० रेघा मागे. एका मिनिटात ७७ मागे गेल्या तर एक फेरा कमी, म्हणजे इथे अर्धा फेरा कमी. वेग ७७.४. ३३ आणि ४५ वर मात्र रेघा जवळजवळ स्थिर.

चाक घसरत असतं तर सगळ्या वेगांना फटका बसला असता. म्हणून पुली भिंगाखाली धरली. ७८ ची पायरी बाकी तिघींपेक्षा चकचकीत आणि मध्ये किंचित दबलेली. बाकीच्या तीन पायऱ्यांवर मूळच्या लेथच्या बारीक रेषा अजून दिसतात, या पायरीवर एकही नाही. या घरात काय ऐकलं गेलं ते पितळेत उमटलं आहे.

४ डिसेंबर

अर्धा फेरा म्हणजे किती, यावर जरा लिहितो. तारसप्तकाच्या षड्जापर्यंतचं अंतर १२०० सेंट धरलं तर ७८ च्या वेगात एक फेरा इकडे तिकडे झाला की सूर २२ सेंटने हलतो. आपल्याकडे प्रमाणश्रुती ८१:८० या गुणोत्तराची मानतात, ती साधारण २१.५ सेंट. म्हणजे ७८ च्या यंत्रावर एक फेरा म्हणजे जवळजवळ बरोबर एक प्रमाणश्रुती. अर्धा फेरा उतरला तर सगळं गाणं अर्ध्या श्रुतीने खाली. सबंध गाणं एकसारखं उतरतं, त्यामुळे ते बेसूर होत नाही, पण आवाजाचा पोत बदलतो, तान जराशी जड होते. चढलं तर उलट, आवाज किनरा होतो. ज्या गायकीत आवाजाच्या लगावावर एवढा भर आहे तिथे हे सोडून द्यायचं कारण नाही.

तात्पुरता उपाय पुष्कळ जण करतात: पुलीवर पातळ टेपचा एक वेढा. वेग येतो, पण जोडाच्या जागी दर फेरीला टकटक आणि पावसाळ्यात टेप सुटते. नवी पुली करायची ठरवलं.

७८ ची पायरी मायक्रोमीटरने ११.०० मिलिमीटर. ७७.९२ भागिले ७७.४, म्हणून ११.०७ हवी. सात शतांश मिलिमीटरचा सवाल. मिस्त्रींना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "पंपाचा शाफ्ट ह्याच मापात करतो की आम्ही. तुम्ही रेडिओ सांभाळा, हे आमच्यावर सोडा." पितळेचा गज, चारही पायऱ्या एकाच पकडीत, म्हणजे त्या एकमेकींशी मध्यात राहतील. भोक सगळ्यात शेवटी रीमरने.

९ डिसेंबर

नवी पुली बसली. गरम मोटर, तबकडीवर सुई, निऑनचा उजेड: रेघा स्थिर. बराच वेळ बघत राहिल्यावर एखादी सरकते तेवढंच. मिस्त्रींना फोनवर सांगितलं. "मग?" एवढंच म्हणाले, पण खूश होते.

जुनी पुली कागदात गुंडाळून, वर तारीख आणि माप लिहून, कॅबिनेटमध्ये आत ठेवली आहे.

कार्ट्रिजचं (सुई ज्यात बसते त्या भागाचं) आज मार्गी लागलं. जुनं क्रिस्टलचं होतं. त्यातला स्फटिक रोशेल मिठाचा; दमट हवेत तो पाणी ओढतो आणि विरघळतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात एवढी वर्षं टिकणं शक्यच नव्हतं, पुरानंतर तर नाहीच. सिरॅमिकचं, उलटसुलट सुईचं बसवलं: एका बाजूला एलपीची सुई, दुसऱ्या बाजूला ७८ ची जाड, तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ७८ च्या चरीत एलपीची बारीक सुई लावली तर ती तळाच्या कचऱ्यात घसरते, आवाज खरखरीत येतो आणि सुई खराब होते. हातावरचा खटका कोणत्या बाजूला आहे हे दर वेळी बघायचं, काकूंना दोनदा दाखवून ठेवणार आहे. वजन ६ ग्रॅम.

सिरॅमिकला पुढे मोठा रेझिस्टन्स लागतो, नाहीतर खर्ज गळतो. इथला व्हॉल्यूम कंट्रोल १ मेगओहमचा आहे, चालून जातं.

१३ डिसेंबर

काकू खोलीवर आल्या, सोबत सूरपेटी आणि पेटीतल्या काही तबकड्या. तबकड्या आधी धुतल्या: साधं पाणी, साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवून. स्पिरिट अजिबात नाही. ७८ ची तबकडी लाखेची, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एलपी धुणारे लोक याच जागी तबकडीचा घात करतात.

पहिली तबकडी लावली. चरचर आहेच, पण तिच्यामागून आवाज असा पुढे आला की काकूंनी सूरपेटीवरचा हात काढून घेतला. बाजू संपेपर्यंत कोणी बोललं नाही. मग म्हणाल्या, "आता ही बाई श्वास कुठे घेते ते कळतंय बघ."

सूरपेटीवर पट्टी ताडून बघितली. षड्ज काळी चारच्या जवळ, किंचित वर. काकूंनी विचारलं, अजून थोडं उतरवता येईल का, म्हणजे बरोबर काळी चारवर बसेल. मी नाही म्हटलं, आणि कारण सांगितलं. त्या दिवशी तंबोरा किती चढवून लावला होता, साथीची पेटी कोणत्या सुराची होती, हे आपल्याला ठाऊक नाही. आजच्या सूरपेटीशी जुळवायला यंत्र हलवलं तर प्रत्येक तबकडीला वेगळं हलवावं लागेल. वेग रेघांवरून ठरवायचा. सूर जिथे येईल तो त्या बाईंचा. काकू थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "खरं आहे. आपण कोण तिला उतरवणार."

एक तबकडी मात्र वेगळी निघाली. ती विद्युत ध्वनिमुद्रणाच्या आधीची दिसते; भोंग्यासमोर गाऊन केलेल्या तबकड्यांचा पेटीत बंद झाल्यासारखा आवाज असतो, तसा. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोनचं ध्वनिमुद्रण आलं आणि पुढे ७८ हा वेग हळूहळू पक्का झाला. त्याआधी ७० पासून ८० च्या पुढेपर्यंत कोणत्याही वेगाला कापलेल्या तबकड्या आहेत. ही इथे किनरी वाजते, तान तर चिमणीसारखी. काकूंच्या गुरूंनी या बाईंना समोर बसून ऐकलं होतं आणि आवाज भरदार होता असं सांगायचे. बाकीच्या तबकड्या याच यंत्रावर नीट वाजत असताना ही एकटीच अशी वाजते, म्हणजे दोष ती कापली त्या वेगाचा, यंत्राचा नाही.

१८ डिसेंबर

कॅबिनेट. खालचं प्लाय पापडासारखं फुगलेलं, ते काढून मरीन प्लाय बसवलं. बाजूंचं सागवानी व्हिनिअर खालच्या वीतभर पट्टीत सुटलं होतं, कारण ते सरसाने चिकटवलेलं आणि सरस पाण्यात मऊ होतो. हाच सरसाचा फायदाही. सुतारमामांनी जुना सरस गरम पाण्याच्या फडक्याने पुसून काढला, ताजा सरस लावला आणि व्हिनिअर शिकंज्यात दाबलं. फेविकॉल लावू नका असं मी आधीच सांगितलं होतं. पुढे कधी पुन्हा उघडायची वेळ आली तर सरस उघडेल, फेविकॉल लाकूड घेऊन निघेल.

पॉलिश चपड्याचं, फडक्याच्या बोळ्याने. थंडीपर्यंत मुद्दाम थांबलो होतो. दमट हवेत लाखेच्या पॉलिशवर पांढरी झाक येते. मशीन पॉलिशसारखी काच चढवली नाही. कडांचे घासलेले कोपरे तसेच ठेवले.

जाळीचं कापड इचलकरंजीचं जाडसर सुती. निवडताना एकच परीक्षा: उजेडासमोर धरून पलीकडचं दिसलं पाहिजे. उजेड अडवतं ते कापड वरचे सूरही अडवतं.

२१ डिसेंबर

शाहूपुरीत नेऊन लावला. आधी सॉकेटचं अर्थिंग तपासून घेतलं. जुन्या वायरिंगमध्ये अर्थ नव्हतंच, वायरमन बोलावून ओढून घेतलं. त्याशिवाय लावणार नाही म्हणून सांगितलं होतं.

नातवाला मोबाईल जोडायचा होता. ब्लूटूथचं सर्किट आत बसवायला मी नकार दिला, पण मागे पिकअपचं सॉकेट आहे, त्यातून जोडून दिलं. मोबाईलचे दोन्ही चॅनल सरळ एकत्र बांधायचे नाहीत, प्रत्येकात १० किलोओहम घालून मग एकत्र. कॅबिनेटला भोक नाही, काही कापलेलं नाही, वायर काढली की सेट पूर्वीसारखा.

घरच्यांसाठी कागद लिहून झाकणाच्या आत चिकटवला. सिलेक्टर २४० वरच राहील. फ्यूज ५०० मिलिअँपिअर, तार पिळायची नाही. तबकडी संपली की वेगाची दांडी मधल्या मोकळ्या खाचेत आणायची, म्हणजे रबरी चाक पुलीपासून सुटं राहतं. वीज गेली तरी आधी दांडी, मग बाकीचं. मोटरच्या बुशला वर्षातून एकदा दोन थेंब मशीन तेल, जास्त नाही. जास्तीचं तेल उडून चाकावर येतं आणि पकड जाते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी तासभर चालू ठेवायचा, ओल धरणार नाही.

त्या जुन्या किनऱ्या तबकडीसाठी काकूंनीच विषय काढला. तिला वेगळी पुली करता येईल का? येईल. अंदाजाने ७४ चा वेग धरला तर पायरी १०.५१ मिलिमीटरची होते, आणि तपासायला ८१ रेघांची चकती लागेल, ती नेमका ७४.०७ दाखवते. पुली बदलायला एक स्क्रू सोडवावा लागतो, नातवाला दाखवून ठेवलं आहे. उद्या मिस्त्रींकडे कागद देतो आहे. ७४, ७५ आणि ७६, तीन मापं एकदमच करून घेणार. त्यातलं कोणतं बरोबर ते काकू ठरवतील.